शाहीर साबळे यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डची पेटी घरी बांधा

माळ्यावर कपड्यात गुंडाळलेल्या, मामांच्या कपाटात पडून राहिलेल्या, जुन्या बाजारात मिळालेल्या रेकॉर्ड एकत्र करून आपण एक देखणी पेटी बांधणार आहोत. गाणी आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, वाईजवळच्या पसरणीच्या शाहिरांची: स्वतः लिहिणारे, चाल लावणारे आणि खड्या आवाजात गाणारे कृष्णराव साबळे. पेटीत जास्तीत जास्त आठ रेकॉर्ड, एक पुस्तिका आणि एक पेन ड्राइव्ह बसेल. मलकापूर-कराडात सगळं सामान मिळतं. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. नोंद आधी, धुणं नंतर, पेटी सगळ्यांत शेवटी!

सामान

- ३ मि.मी. जाडीचा बाइंडिंगचा पुठ्ठा आणि १ मि.मी. जाडीचा कार्डपेपर
- बाइंडिंगचं कापड १ मीटर, कापडी चिकटपट्टी, पाऊण मीटर सुती फीत
- फेव्हिकॉल, दोन इंची ब्रश, धारदार कटर, स्टीलची पट्टी, गुण्या
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर २ लिटर, भांडी घासायचं लिक्विड, मायक्रोफायबरचे तीन फडके
- भांडी निथळायची उभी जाळी, रेकॉर्डची नवी कागदी पाकिटं, सिलिका जेलच्या पुड्या
- मिनिटाला ७८, ४५ आणि ३३⅓ फेरे हे तिन्ही वेग असलेला प्लेअर, काँप्युटर, पेन ड्राइव्ह
- वही, मऊ पेन्सिल, टॉर्च

टप्पा १: काय घ्यायचं ते ठरवा

१. वहीच्या पहिल्या पानावर पेटीची हद्द लिहा: ‘१९७०पर्यंतची गाणी’. त्यामुळे ७८च्या जड रेकॉर्ड आणि व्हिनाइलच्या ईपी-एलपी दोन्ही पेटीत येतील. जपा: नंतर निघालेल्या एलपीवर जुनं गाणं असेल तर ती चालेल, पण तिच्यापुढे ‘पुनर्प्रकाशन’ असं लिहाच.

२. दुसऱ्या पानावर आठ रकाने आखा: गाणं, गीतकार, संगीतकार, गायक, कंपनी, लेबलवरचा नंबर, खाचेतला नंबर, वेग. जपा: गीतकार, संगीतकार आणि गायक यांचे रकाने वेगळेच ठेवा. एकत्र केलेत तर पुढची सगळी नोंद फसते.

३. आधी नातेवाइकांना विचारा. घरातलं धुंडाळून झालं की कराड-साताऱ्यातल्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी करा; पुण्याला जाणं झालं तर मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जपा: फोटो पाहून पैसे पाठवू नका; तडा फोटोत दिसत नाही.

४. पैसे देण्याआधी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून दोन्ही बाजू पाहा. बारीक रेघोट्या चालतील. जपा: काठापासून आत गेलेली चीर असेल तर घेऊ नका, सुई तिथे अडकून मोडते.

५. कव्हर आणि आतली रेकॉर्ड यांचे नंबर जुळवून पाहा. जपा: जुन्या बाजारात कव्हर एकाचं आणि रेकॉर्ड दुसऱ्याची असं सर्रास निघतं.

६. आठ झाल्या की थांबा. जपा: नववी कोंबली तर बाकीच्या आठ दाबल्या जाऊन वाकतात. तिच्यासाठी दुसरी पेटी करू.

टप्पा २: धुण्याआधी नोंद करा

७. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. जपा: हाताला तेल किंवा क्रीम नको, बोटाचा ठसा खाचेत बसतो आणि धूळ ओढतो.

८. टेबलावर धुतलेलं जाड सुती कापड अंथरा. जपा: वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

९. रेकॉर्ड बाहेर काढा. भरलेलं ताट दोन्ही हातांनी कडांना धरतो, तशीच धरा. जपा: खाचांवर अंगठा टेकवू नका.

१०. लेबलवरचा वेग वाचून वहीत लिहा. वेग छापलेला नसेल तर अंदाज असा बांधा: २५ सें.मी.ची, जाड, हाताला जड आणि एका बाजूला एकच गाणं असलेली ती बहुतेक ७८ची, १७.५ सें.मी.ची हलकी ती ईपी, बहुतेक ४५ची, ३० सें.मी.ची ती एलपी, म्हणजे ३३⅓ची. जपा: ७८ची रेकॉर्ड लाखेची असते. पडली की तुकडेच होतात, म्हणून ती उचलताना हात टेबलाच्या वरच राहू द्या.

११. वेगानुसार तीन गट करून रेकॉर्ड उभ्या लावा. जपा: एकीवर एक रचू नका, खालची दबते.

१२. लेबलवरचा छापील नंबर जसाच्या तसा वहीत उतरवा. हा नंबर दोन्ही बाजूंना सारखाच असतो. जपा: त्यातली अक्षरं, टिंबं आणि आडव्या रेघाही सोडू नका.

१३. टॉर्च तिरका मारून लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यातला कोरीव नंबर वाचा. हा प्रत्येक बाजूचा वेगळा असतो. एकच गाणं दोनदा निघालं असेल तर ओळख यावरूनच पटते. जपा: नंबर उठून दिसावा म्हणून त्यावर पेन्सिल किंवा खडू घासू नका.

१४. गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन नावं आपापल्या रकान्यांत भरा. ही पायरी मन लावून करा, कारण पेटीची खरी किंमत इथे ठरते. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ शाहिरांच्या आवाजात घराघरात पोचलं. पण शब्द राजा बढे यांचे आहेत आणि संगीत श्रीनिवास खळे यांचं. ‘विंचू चावला’ हे भारूड संत एकनाथांचं. जपा: आवाज ओळखीचा म्हणून शब्दही त्यांचेच, असं धरून चालू नका. लेबलवर नाव नसेल तर रकाना कोरा ठेवा.

१५. दोन्ही लेबलांचे मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा. जपा: फ्लॅश बंद ठेवा, चकाकीत अक्षरं पुसट होतात.

१६. रेकॉर्डच्या जुन्या कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं तुमचा अनुक्रमांक लिहा. जपा: बॉलपेन नको, त्याचा दाब आत उमटतो.

टप्पा ३: धुवा आणि वाळवा

१७. दोन पसरट पातेली घासून, पुसून घ्या. जपा: तेलकट पातेलं वापरू नका.

१८. पहिल्या पातेल्यात एक लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि लिक्विडचे दोनच थेंब घाला. जपा: बॅटरीच्या दुकानातून आणताना बाटलीवरचं नाव वाचा. पाणी आणि ॲसिड शेजारीशेजारीच ठेवलेलं असतं.

१९. दुसऱ्या पातेल्यात उरलेलं साधं डिस्टिल्ड वॉटर ओता. जपा: मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी आहे, तरी इथे नळाचं वापरू नका. प्यायला ते उत्तम. पण वाळल्यावर क्षार खाचेत राहतात आणि रेकॉर्ड करकरते.

२०. पहिला फडका साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. जपा: पाणी टपकत असेल तर लेबल भिजेल.

२१. खाचा जातात त्याच दिशेनं, गोल फिरवत रेकॉर्ड पुसा. जपा: मधून काठाकडे आडवं पुसू नका, धूळ खाचांवर ओरखडे काढते. स्पिरिट, सॅनिटायझर, पेट्रोल तर बिलकूल नको. ७८च्या रेकॉर्डमधली लाख स्पिरिट-सॅनिटायझरमध्ये विरघळते.

२२. दुसरा फडका साध्या पाण्यात पिळून तसाच फिरवा. जपा: साबण राहिला तर सुईला चिकटतो.

२३. तिसऱ्या कोरड्या फडक्यानं पाणी टिपून घ्या. जपा: चोळू नका, नुसतं टेकवून उचला.

२४. रेकॉर्ड जाळीत उभी करून सावलीत दोन तास वाळू द्या. जपा: गच्चीवर किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं ऊन व्हिनाइल सहज वाकवतं.

२५. वाळलेली रेकॉर्ड नव्या कागदी पाकिटात घाला. जपा: जुन्या पाकिटात परत घातलीत तर जुनी बुरशी परत येते. जुनं पाकीट टाकू नका. सपाट करून वेगळं जपून ठेवा.

टप्पा ४: वाजवून पाहा, प्रत काढा

२६. प्लेअर सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. जपा: स्पीकर त्याच टेबलावर नको; हादरे सुईत उतरतात.

२७. रेकॉर्डप्रमाणे सुई लावा. ७८साठी जाड टोकाची, साधारण ७५ मायक्रॉनची. ईपी-एलपीसाठी बारीक, साधारण १८ मायक्रॉनची. काही जुन्या प्लेअरवर सुईशेजारी ‘७८’ आणि ‘एलपी’ अशी फिरवायची कळच असते. जपा: बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला टेकते आणि नुसती खरखर ऐकू येते. किल्लीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइल कधीच लावू नका. पोलादी सुई एका फेरीत खाच उकरते.

२८. वेगाची कळ वहीतल्या नोंदीप्रमाणे लावा. जपा: ७८ची रेकॉर्ड ४५वर लावली तर शाहिरांचा आवाज जड आणि रेंगाळलेला येईल. तसं झालं की लगेच सुई उचला.

२९. एक बाजू न थांबवता ऐका. ७८ला साधारण तीन मिनिटं लागतात, एलपीला वीसेक. जपा: सुई अडकली तर हातानं ढकलू नका. दांडी उचला, ती जागा वहीत लिहा आणि ती बाजू तिथेच थांबवा.

३०. प्लेअरचा लाइन-आउट काँप्युटरला जोडा आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. जपा: स्पीकरसमोर माइक धरून ध्वनिमुद्रण करू नका, पंखासुद्धा त्यात येतो.

३१. सेटिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट करा. जपा: सुरुवातच एमपी३नं केली तर गमावलेला आवाज पुन्हा मिळत नाही.

३२. गाण्यातला सगळ्यांत जोरकस भाग वाजवून पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास आणा. जपा: डफ-ढोलकीचा ठेका एकदम चढतो. नुसत्या आवाजावर पातळी लावली तर ठेका फाटतो.

३३. सुई ठेवण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू करा. जपा: उशीर झाला तर गाण्याची पहिली थाप जाते.

३४. फाइल वेव्ह स्वरूपात जतन करा आणि नाव असं द्या: अनुक्रमांक, बाजू, लेबलवरचा नंबर. जपा: ‘नवीन गाणं १’ असली नावं दिलीत तर पुढे काहीच सापडणार नाही.

३५. मूळ फाइलला हात न लावता तिची दुसरी प्रत करा आणि साफसफाई त्या प्रतीवरच करा. जपा: खरखर सगळी काढायला गेलात तर तुणतुण्याची तारही तिच्याबरोबर जाते. थोडी खरखर राहू द्या.

३६. दोन्ही प्रती पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. जपा: एकच प्रत म्हणजे केलेलं काम धोक्यात.

टप्पा ५: लहान रेकॉर्डसाठी फोल्डर

एलपीची कव्हरं साधारण ३१.५ सें.मी.ची चौकोनी असतात. ७८ आणि ईपी त्यांच्यामध्ये हलू नयेत म्हणून प्रत्येकीला तेवढ्याच मापाचा फोल्डर करू.

३७. कार्डपेपरचे ३१.५ सें.मी.चे दोन चौकोन कापा. जपा: कटर पट्टीला टेकवून दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा, एका दमात कापायला गेलात तर तिरपं जातं.

३८. जाड पुठ्ठ्याचा तेवढाच तिसरा चौकोन कापा. जपा: कटरच्या वाटेत दुसऱ्या हाताचं बोट नाही ना, ते आधी पाहा.

३९. पाकिटातली रेकॉर्ड त्या जाड चौकोनाच्या मधोमध ठेवून पाकिटाच्या कडेनं पेन्सिल फिरवा. जपा: रेकॉर्ड दाबून धरू नका.

४०. रेकॉर्ड बाजूला ठेवून, त्या रेघेपेक्षा पाव सें.मी. बाहेरून चौकोनी खिडकी कापा. जपा: खिडकी घट्ट झाली तर रेकॉर्ड काढताना वाकवावी लागेल, आणि ७८ची तिथेच मोडेल.

४१. ही चौकट एका कार्डपेपरवर फेव्हिकॉलनं चिकटवा. जपा: पातळ थर द्या, खिडकीत ओघळ आलेला दिसला तर लगेच पुसा.

४२. दुसरा कार्डपेपर एका बाजूनं कापडी चिकटपट्टी लावून दारासारखा जोडा. जपा: पट्टी बाहेरूनच लावा, आतली चिकट बाजू पाकिटाला लागता कामा नये.

४३. फोल्डर वह्यांच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबून ठेवा. जपा: रेकॉर्ड आत घालून दाबू नका.

टप्पा ६: पेटी

४४. जाड पुठ्ठ्याच्या दोन मोठ्या बाजू कापा: उंची ३२.६, रुंदी ३२.३ सें.मी. जपा: उंचीच्या दिशेनं बाण काढून ठेवा, नाहीतर जोडताना एक बाजू आडवी बसते.

४५. वरच्या आणि खालच्या दोन पट्ट्या कापा: ५ × ३२.३ सें.मी. जपा: दोन्ही एकावर एक ठेवून लांबी जुळते का पाहा.

४६. पाठीची एक पट्टी कापा: ५ × ३२ सें.मी. जपा: ही पट्टी वरच्या-खालच्या पट्ट्यांच्या मध्ये उभी राहते, म्हणून ती आखूडच हवी.

४७. एक मोठी बाजू टेबलावर ठेवून तिच्यावर खालची, पाठीची आणि वरची पट्टी काठाला काठ लावून उभी चिकटवा. जपा: प्रत्येक कोपरा गुण्यानं तपासा, फेव्हिकॉल ओला आहे तोवरच सरळ करता येतं.

४८. दुसरी मोठी बाजू वरून चिकटवा. जपा: उघडं तोंड एकाच बाजूला राहिलं आहे ना, ते चिकटवण्याआधी बघा.

४९. पेटी चार तास सुकू द्या. जपा: घाईनं कापड लावलं तर ओलाव्यानं पुठ्ठा फुगतो.

५०. ७५ × ३६ सें.मी.चं कापड कापा. जपा: इस्त्री आधी करा, चुणी नंतर निघत नाही.

५१. एका मोठ्या बाजूवरून पाठीकडे, तिथून दुसऱ्या बाजूवर असं कापड ओढून चिकटवा. जपा: फेव्हिकॉल पुठ्ठ्याला लावा, कापडाला नको; कापडाला लावला तर डाग वर येतो.

५२. वर-खाली उरलेलं कापड पट्ट्यांवर आणि तोंडाशी उरलेलं आत दुमडून चिकटवा. जपा: कोपऱ्यात कापड तिरकं कापून जाडी कमी करा.

५३. ५.४ × ३४.५ सें.मी.चे दोन तुकडे कापून माथ्यावर आणि तळाला लावा, पुढचं टोक आत दुमडा. जपा: दुमडलेल्या काठांवर पट्टी बरोबर बसली की धागे निघत नाहीत.

५४. फितीचं एक टोक एका मोठ्या बाजूच्या आत, तोंडापासून ३ सें.मी.पर्यंत चिकटवा. उरलेली फीत आतून पाठीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बाहेर येऊ द्या. हे मोकळं टोक ओढलं की आतलं सगळं अलगद पुढे सरकेल. जपा: मधे कुठेही फीत चिकटू देऊ नका.

टप्पा ७: पुस्तिका

५५. वहीतल्या नोंदी काळाच्या क्रमानं ए-फोर कागदांवर उतरवा. जपा: कव्हरवरचं साल पुनर्प्रकाशनाचं असू शकतं. शाहिरांचं ‘माझा पवाडा’ हे आत्मचरित्र शेजारी ठेवून क्रम पडताळा. जुळत नसेल तिथे साल कोरं सोडा.

५६. प्रत्येक गाण्यापुढे लेबलचा फोटो आणि ती तीन नावं द्या. जपा: पूर्ण गाणी छापू नका. शब्द आणि चालींवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. शाहीर २०१५ साली गेले, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांवरचा हक्क २०७५च्या अखेरपर्यंत आहे.

५७. पहिल्या पानावर ‘घरच्या ऐकण्यासाठी, विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिहा. जपा: पेन ड्राइव्हच्या प्रती करून विकू नका आणि त्यातली गाणी इंटरनेटवरही टाकू नका.

५८. पानं पाठीशी दोऱ्यानं शिवा. जपा: स्टेपलरची पिन गंजते आणि शेजारच्या कव्हरवर डाग पाडते.

टप्पा ८: भरा आणि जपा

५९. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर कागदी खिसा चिकटवून त्यात पेन ड्राइव्ह ठेवा. जपा: रेकॉर्डच्या पाकिटात तो कधीही घालू नका.

६०. पेटी उभी करून जड ७८ दोन्ही कडांना आणि एलपी मधे, अशा सरकवा, शेवटी पुस्तिका. जपा: फीत सगळ्यांच्या मागून गेली पाहिजे.

६१. सिलिका जेलची एक पुडी आत कोपऱ्यात ठेवा. जपा: ती पाकिटाला टेकू देऊ नका, आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला.

६२. पेटी कपाटात, आतल्या भिंतीशी, उभी ठेवा. जपा: पत्र्याखालच्या माळ्यावर परत टाकू नका. उन्हाळ्यात तिथली उष्णता आणि पावसाळ्यातली ओल दोन्ही रेकॉर्डच्या मुळावर येतात.

६३. दिवाळीत आणि गुढीपाडव्याला सगळ्या रेकॉर्ड काढून उजेडात पाहा. जपा: पांढरे ठिपके दिसले तर ती रेकॉर्ड लगेच वेगळी करा आणि टप्पा ३ पुन्हा करा.

६४. आता ज्यांच्या घरून रेकॉर्ड आल्या त्यांना बोलवा, प्लेअर लावा आणि प्रत्येक गाण्याआधी पुस्तिकेतली तिन्ही नावं मोठ्यानं वाचा. जपा: एखादा कोरा रकाना ऐकून कुणी नाव सांगितलं तर पेन्सिलीनं लिहून घ्या; शाईनं मात्र लेबल, पुस्तक किंवा दुसरी रेकॉर्ड पाहून पक्कं झाल्यावरच.